दाजी, उद्या कुठली नखी घेऊ?

दाजी, तुमच्या सुतारशाळेचं दार मी आतून लोटून घेतलंय आणि बाहेर सगळे कान लावून बसलेत. ओट्यावर अक्का आहे, तिच्या दोन्ही अंगांना तुमच्या नेवाशाच्या बहिणी, समोर लिंबाखाली पुरुष माणसं. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. उद्या रविवारी आपल्या वस्तीच्या ख्रिस्ती देवळात तुमच्या आठवणीची उपासना आहे, आणि तुम्ही चाल लावलेलं गाणं तुमच्याच गिटारीवर मी एकट्यानं वाजवायचं ठरलंय. कोणी ठरवलं म्हणाल तर कोणीच नाही. पाळकसाहेब म्हणाले, "वाजवायला भास्करराव आहेतच." चार माना हलल्या. अक्कानं डोळ्यांना पदर लावला. एवढ्यावर माणूस फासात अडकतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

तास झाला मी आत आहे. गिटार बाकावर आहे. मांडीवर ही वही आहे. मधून मधून बाहेरून अक्काचा आवाज येतो.

"भास्कर, काय रे? काहीच ऐकू येईना."

"तारा लावतोय, अक्का."

"अजून?"

"उन्हानं उतरल्यात."

सहा तारा आहेत, दाजी. एवढ्या वेळात तुम्ही एक दार बसवून, बिजागऱ्यांना तेल घालून, वर चहाही घेतला असतात.

मला वाजवता येत नाही. हे तुम्हाला काय सांगायचं, जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातले एक तुम्ही. आता ते सगळं माझ्या एकट्याच्या अंगावर टाकून तुम्ही निघून गेलात. रागावू नका, पण पहिल्या दिवशी, सगळे रडत होते तेव्हा, माझ्या रडण्यात थोडी भीतीही होती.

लढाईच्या पहिल्या वर्षी तुम्ही लाकूड आणायला नगरला गेलात आणि पाच दिवसांनी गिटार घेऊन परतलात. भिंगारच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या शिपायाची बदली झाली होती. त्याला सामानासाठी सागवानी पेटी पाहिजे होती, आणि त्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं ते वाद्य तुम्हाला. तिथंच राहून पेटी करून दिलीत. अक्का दारातच म्हणाली, "लाकूड कुठाय?" तुम्ही गिटारीच्या पोटावर टिचकी मारलीत, "हे काय, यात हाय." अक्का तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही, आणि मी, मेहुणा या नात्यानं, तिच्या बाजूनं असल्याचा चेहरा करून तुमच्या बाजूनं होतो.

वस्तीत तिला गिटार कोणीच म्हटलं नाही. आपल्या भजनाला झांजा वाजवणाऱ्या गेनूबाबांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, विलायती सतार. वर्षभरात तिच्याकडं बघून तुम्ही दुसरी केलीत, साग आणि खोक्याच्या फळ्यांची, आणि ती माझ्या हातात दिलीत. "ही देशी. मेहुण्याला." मी म्हटलं, "दाजी, मी शेवगावच्या पोस्टातला कारकून. चार कोस सायकल मारून दर रविवारी येतो ते अक्काच्या हातचं जेवायला." तुम्ही म्हणालात, "जेवण संपल्यावर हात मोकळेच असतात ना?"

घरात तुमच्या आईंना आवाज सोसायचा नाही, म्हणून आपण इथं, या भुश्याच्या वासात बसायचो. पहिल्याच दिवशी मी तारांवर नखी हाणली आणि पहिली तार तुटून माझ्या कानाजवळून गेली. तुम्ही रागावला नाहीत. माझा उजवा हात हातात घेऊन वैद्यासारखा उलटा-सुलटा पाहिलात.

"दिवसाला किती शिक्के मारतोस?"

"कोण मोजतंय!"

"हा हात तारेवर उतरत नाही, आपटतो."

मग तुम्ही ती मलमाची रिकामी डबी उघडलीत. आत्ता माझ्यासमोर आहे तीच. तुमच्या सगळ्या नख्या तिच्यात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ही घे आणि वाजव. तुम्ही मला एक अख्खी दुपार नुसती नखीच समजावून सांगितलीत. "लोक वाद्य निवडतात, तारा निवडतात, आणि नखी हाताला येईल ती उचलतात. उलटं करायचं. आधी आपला हात ओळखायचा, मग काय वाजवायचंय ते ठरवायचं, मग नखी." साबणाच्या सेल्युलॉईड डबीच्या झाकणातून कापलेली ती पातळ, पिवळी नखी. सगळ्या तारांवरून एका झपाट्यात फिरवायला चांगली, भरपूर आवाज होतो, पण एकेक सूर वेगळा काढायला गेलं की फडफडते. म्हशीच्या शिंगाची ती जाड, काळी, कडेनं घासून घासून गोल केलेली. तिचा सूर भरलेला, उबदार, सुरुवातीचा टोला लागतच नाही. ती तुमची होती. आणि करवंटीची, टोकदार, ताठ, जिचा प्रत्येक सूर खडा पडल्यासारखा वाजतो. "हिला लपवता येत नाही," तुम्ही म्हणाला होतात. "वाजवणारा जसा, तशी ही." नखीचं टोक चिमटीबाहेर तांदळाच्या दाण्याएवढंच दिसू द्यायचं, हेही त्याच दुपारी सांगितलंत. माझं नेहमी बोटभर बाहेर यायचं.

मी तीनही नख्या वाजवून पाहिल्या आणि आणखी एक तार तोडली. लढाईमुळं मुंबईहून तारा येणं बंद झालं होतं. तुम्ही कोपऱ्यात पडलेल्या जुन्या मोटेचं कातडं घेतलंत, वर्षानुवर्षं विहिरीच्या पाण्यात भिजून मऊ झालेलं, आणि त्यातून पानाच्या आकाराचा तुकडा कापलात. "ही तुझ्या हाताची."

तिनं तार तुटेना. आवाजही येईना. ओल्या गोणपाटावर हात फिरवावा तसं काहीतरी व्हायचं, आणि शेजारी तुमची गिटार सुरू झाली की तेही नाही. तारांसाठी केलंत की माझ्या अब्रूसाठी, हे मी तुम्हाला सात वर्षांत निदान पन्नास वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, "तुला काय वाटतं?" आता मला जे वाटेल ते वाटत राहणार, आणि खरं काय ते सांगायला कोणी उरलं नाही.

पुढं झालं ते असं, की आपण दोघं देवळात वाजवायला बसलो आणि लोकांनी ऐकायच्या ऐवजी पाहिलं. तुमचं मनगट दोन बोटं हलायचं. माझा हात खांद्यापासून वर-खाली, डोळे मिटलेले, मान डोलत. डोळे मी लाजेनं मिटायचो, पण पाहणाऱ्याला ते कसं कळणार? पहिल्याच उपासनेनंतर गेनूबाबा झांजा काखेत मारून आले.

"भास्करराव, हात हाय का पाखरू! लई ग्वाड वाजिवलं." मग तुमच्याकडं वळून, धीर द्यायला, "मास्तर, तुमीबी साथ बरी केली बरं का."

"शिकतोय, बाबा," तुम्ही म्हणालात.

मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात चहा ओतला. दाजी, त्या एका घोटाची ही सात वर्षं.

घरी जाताना मी म्हटलं, "दाजी, लोकांना सांगायला पाहिजे."

"सांग की."

"तुम्ही सांगा."

"मी कशाला? मला काय अडचण आहे?"

खरोखरच तुम्हाला काही अडचण नव्हती. ती मलाही नव्हती, हे आज कबूल करतो. पहिल्या महिन्यात लाज वाटली, दुसऱ्यात सवय झाली, तिसऱ्यात मी खादीचा नवा सदरा शिवला. शेवगावला पोस्टाच्या खिडकीशी एखादा वस्तीवरचा माणूस आला की पाकीट देता देता म्हणायचा, "रविवारी काय वाजिवलं, साहेब!" आणि मी असा हसायचो, की पाहणाऱ्याला तो नम्रपणा वाटावा. नम्रपणा मला फार चांगला जमायचा. वाजवण्याच्या मानानं तर फारच.

मग ती शाल. नगरहून एक म्हातारे पाळक आले होते, नाताळाच्या आधी. उपासना झाल्यावर त्यांनी सगळ्या मंडळीसमोर मला उभं केलं, माझा उजवा हात वर धरला आणि म्हणाले, हा हात देवानं दिलेला आहे. शाल माझ्या खांद्यावर आली. सगळ्यांत आधी टाळी तुमची होती. मी तुमच्याकडं पाहिलं. तुमच्या चेहऱ्यावर टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. तुम्ही बायकांच्या बाजूला पाहत होतात, जिथं अक्का उभी होती. आमच्या माहेरात सांगण्यासारखं कधी काही नव्हतं. बाप लवकर गेला, आई दुसऱ्यांच्या शेतात राबली. अक्काला सासरी उचलून सांगण्यासारखं पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं, आणि ती ताठ उभी होती. तिनं ती शाल माझ्याकडून मागून घेतली, आपल्या ट्रंकेत ठेवली, आणि तुमच्या नेवाशाच्या बहिणींना काढून दाखवली. "आमच्या भास्करची."

त्यासाठी गप्प बसलात का, दाजी? की तुम्हाला खरंच फरक पडत नव्हता? माणसाला आपली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर चाललेली पाहून काहीच कसं वाटत नाही, हे मला समजत नाही. मी वाद घालायचो ते एवढ्यासाठीच, की तुम्ही एकदा चिडावं. तुम्ही चिडला असतात तर मी सुटलो असतो.

गेल्या महिन्यात मीच चिडलो. माझी चूक, आणि चिडलो मी. म्हटलं, "तुम्ही मला मुकं करून ठेवलंत. कातडं देऊन बसवलंत शेजारी, बाहुलीसारखं." तुम्ही पटाशी खाली ठेवलीत.

"मुकं नाही रे. हळू."

"मला येणारच नाही असं तुम्ही पहिल्या दिवशीच ठरवलंत."

"मी म्हटलं होतं, रोज अर्धा तास बस. तू रविवारी येतोस आणि जेवून झोपतोस." मग हसलात. "बरं. पुढच्या रविवारपासून कातडं बंद. आपण दोघं पहिल्यापासून सुरू करू."

"बघू," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी माझ्या सायकलची ट्यूब पंक्चर होती. त्याच्या पुढच्या रविवारीही ती पंक्चरच होती. तीच ट्यूब, फक्त या वेळी मी ती स्वतः काढून ठेवली होती. तिसऱ्या रविवारी आलो तर तुम्ही तापात होतात. अक्का म्हणाली, "तुझी वाट बघत होते दोन रविवार." तुम्ही मला ओळखलंत, हात उचललात, आणि बोलला नाहीत. बोलला असतात तर काय, हे मी रोज वेगवेगळं रचतो.

बाहेरून आत्ता पुन्हा अक्का. "भास्कर, चहा आणू का?"

"नको."

"मग वाजव की रे. त्यांच्या बहिणींना ऐकायचंय. लांबून आल्यात."

मी गिटार घेतली. डबीतली पिवळी पातळ नखी उचलली आणि सगळ्या तारांवरून एक झपाटा मारला. बाहेर तुमची मोठी बहीण म्हणाली, "अगं बाई!" सहा तारा मोकळ्या वाजवल्या तरी लोकांना बरं वाटतं, दाजी. या नखीनं उद्या निभावून नेता येईल. भरपूर आवाज, सूर कुठलाच नाही, मंडळी मोठ्यानं गातील, त्यात सगळं बुडून जाईल. मग शिंगाची घेतली. तुमच्या चिमटीनं तिच्या एका अंगाला खळगा पडलाय, तुमच्या अंगठ्याचा. त्यात माझा अंगठा बसवला आणि ती परत ठेवून दिली.

पाळकसाहेब आले तेव्हा मी नुसता बसलो होतो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भास्करराव, मी पाहतोय, तुमचा हात चालत नाही. जबरदस्ती नाही. मी उद्या मंडळीला सांगेन, एवढा मोठा वादक, पण दुःखानं हात उचलेना. लोक समजून घेतील. उलट रडतील."

दाजी, असं सरळ, उघडं, झाडून ठेवलेलं दार मला आयुष्यात कधी मिळालं नाही. वाजवायला नको, कबूल करायला नको, शाल ट्रंकेत, अक्काचा मान जागच्या जागी. मी जवळजवळ उठलोच. "फार उपकार होतील, साहेब," असं म्हणालोही.

"मग हे एकदा नजरेखालून घाला," ते म्हणाले आणि खिशातून कागद काढला. उद्या वाचायचं तुमच्याबद्दलचं लिखाण. चांगलं लिहिलं होतं. शाळा, सुतारकाम, तुमच्या हातून शिकून गेलेली मुलं, देवळाची बाकं. मग शेवटाकडं एक ओळ होती, "आपले मेहुणे भास्करराव यांच्या वादनाला मास्तरांनी सात वर्षं निष्ठेनं साथ केली."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यांना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. उद्या हे वाचलं जाणार, आणि पुढं कधीतरी तुमची नातवंडं विचारतील तेव्हा कोणीतरी त्यांना हेच सांगणार. हात हलवणारा मी वादक, आणि वाजवणारे तुम्ही माझी साथ.

"साहेब," मी म्हटलं, "मी वाजवतो."

"नक्की?"

"नक्की. पण उद्या मंडळीला म्हणावं, पहिल्या कडव्याला कोणी गाऊ नका. झांजाही नकोत. नुसती गिटार."

ते खूश होऊन गेले. मोठ्या वादकाची ही तऱ्हा असेल, असं त्यांना वाटलं असणार. ते गेल्यावर मी डबीतून करवंटीची काढली. माझ्या वाजवण्याला, माझ्या हाताला, मला जे सांगायचंय त्याला शोभेल अशी तीच एक होती. तुमच्या शिकवणीतलं एवढं एक तरी मी नीट केलं, असं समजा.

आज रात्री झोप येणार नाही, हे लिहीत नाही. तुम्ही म्हणाला असतात, रविवारी दुपारी भरून काढ.

हे पुढचं रविवारी दुपारी लिहितोय.

देऊळ भरलं होतं. शेवगावहूनही माणसं आली होती, माझं नाव ऐकून. मी सतरंजीवर बसलो. शेजारची तुमची जागा कोणी मुद्दाम मोकळी ठेवली होती, त्यामुळं मी एका कडेला, कोणीतरी उठून गेल्यावर मागं राहिल्यासारखा दिसत होतो. पाळकसाहेबांनी सांगितलं, पहिलं कडवं नुसतं ऐकायचं. मी टोक दाण्याएवढं ठेवलं. डोळे उघडे ठेवले.

पहिला सूर बरोबर आला. त्यानं मीच दचकलो. दुसरा खालच्या तारेवर गेला, तिसरा कुठंच नाही, नुसता लाकडावर खट्ट. प्रत्येक चूक वेगळी, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचत होती. लोकांना आधी वाटलं मी अजून तारा लावतोय. मग तोंडं बदलायला लागली. तुमची चाल तिथं होती, दाजी, कशीबशी ओळखू येईल एवढी; पाऊल चुकत चुकत पाण्यातून जाणाऱ्या माणसासारखी. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर दुःखानं हात उचलेना, असं झालं असतं. कडवं शेवटापर्यंत नेलं. चौथी तार शेवटच्या ओळीला तुटली.

पहिल्या रांगेत गेनूबाबा मांडीवर झांजा ठेवून बसले होते. ते माझ्या हाताकडं बघत होते, मग त्या मोकळ्या जागेकडं, मग पुन्हा माझ्या हाताकडं. म्हातारा माणूस, कमी ऐकू येतं, त्यामुळं बोलले ते सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

"म्हंजी इतकी वर्सं मास्तर वाजवत हुते?"

"व्हय, बाबा. मास्तरच."

"आन तुमी?"

"मी हात हलवत होतो."

मग पाळकसाहेबांनी कागद उघडला. त्यांनी तो वाचला, पण शेवटाकडची ती ओळ सोडून पुढं गेले. पुढची गाणी लोकांनी गिटारीशिवाय म्हटली. बायकांच्या बाजूला पाहायची माझी छाती झाली नाही.

उपासना संपल्यावर नेहमी लोक माझ्याकडं यायचे. आज आले नाहीत. मी गिटार घेऊन दाराशी उभा होतो आणि माणसं माझ्या बाजूनं अशी जात होती, जसं दारात खोकं ठेवलंय. शेवगावच्या एकानं फक्त माझ्या सदऱ्याकडं पाहिलं. सगळे अक्काकडं जात होते. ती लिंबाखाली उभी होती, माझ्याकडं पाठ करून. तिची पाठ मला लहानपणापासून ओळखू येते. ती माझ्यावर रागावली होती, आणि तो राग बराच काळ राहणार, त्यात मला शंका नाही. ट्रंकेतल्या शालीचं ती काय करील, ते विचारायची हिंमत नाही.

गेनूबाबा सगळ्यांच्या शेवटी, काठी टेकत, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, मास्तर लई ग्वाड वाजवायचे बरं का."

अक्कानं मान वर केली.

"काय म्हणालात, बाबा? परत म्हणा."

गेनूबाबांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत म्हटलं, या वेळी मोठ्यानं.